लहान होडी की मोठी नौका? उजनीच्या पाण्यावर आई-वडिलांना नेताना

बारामती हे काही बंदर नव्हे. अर्ध्या तालुक्यात नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी आणि ऊस, उरलेल्या अर्ध्यात ज्वारी, बाजरी आणि आभाळाकडे लागलेले डोळे, असा हा मुलूख. तेव्हा दोन यांत्रिक नौकांपैकी कोणती घ्यावी, हा प्रश्न माझ्या दवाखान्यात कोणी विचारील असे मला कधी वाटले नव्हते. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर तो विचारला गेला, आणि विचारणारा गृहस्थ अगदी गंभीर होता.

मुंबईत नोकरीला असलेला हा मुलगा. वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, सहस्रचंद्रदर्शन जवळ आले होते. होम, तुला, जेवणावळी हे सारे घरी होणारच होते. त्याखेरीज आई-वडिलांना एकदा समुद्रावर न्यावे, अशी त्याची हौस होती. गेटवे ऑफ इंडियासमोर तासाच्या भाड्याने आलिशान नौका मिळतात. त्यांतल्या दोन त्याने निवडून ठेवल्या होत्या. एक सुमारे पस्तीस फुटांची, मागे उघडी बैठक आणि पुढे छोटीशी खोली असलेली. दुसरी साठ फुटांची, दुमजली, वातानुकूलित दिवाणखाना आणि आत शयनकक्ष असलेली. मोबाइलवरची छायाचित्रे माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "मॅडम, पैशांचं सोडा. अण्णांना आणि आईला कुठली झेपेल, तेवढं सांगा."

या प्रश्नाला सर्वसाधारण उत्तर ठरलेले असते : मोठी घ्या, ती डुलत नाही. ते पूर्णपणे खरे नाही. नौका जितकी मोठी तितकी ती पाण्याला बिचकत नाही, हे बरोबर. काही मोठ्या नौकांत डोलणे कमी करणारी यंत्रेही बसवलेली असतात. परंतु माणसाला बोट लागते ती केवळ हेलकाव्याच्या आकाराने नव्हे, त्याच्या चालीनेही. पाच-सहा सेकंदांना एक अशा संथ लयीने वरखाली होणारी गती मळमळीला सर्वांत पोषक असते. लहान होडीचे हिसके जलद असतात. त्यांनी पोटापेक्षा पाठ आणि कंबर अधिक दुखावते. म्हणजे मोठ्या नौकेत पोटाची परीक्षा, तर लहान होडीत हाडांची. एक दिलासा असा की वाढत्या वयाबरोबर बोट लागण्याची प्रवृत्ती सामान्यतः कमी होते. नातवाला उलट्या होत असताना आजोबा शेंगदाणे खात बसलेले असतात, हे दृश्य कोकणात पुष्कळांनी पाहिले असेल.

म्हणूनच "सगळ्यांनी निघण्यापूर्वी एकेक गोळी घ्या" ही प्रेमळ सूचना मला धास्तीची वाटते. बोट लागू नये म्हणून दुकानातून सहज आणल्या जाणाऱ्या बहुतेक गोळ्या झोप आणतात. तरुणाला तासभर पेंग येते. ऐंशीच्या माणसाचा तोल जातो, तोंड कोरडे पडते, कधी बोलणे असंबद्ध होते. प्रोस्टेट वाढलेल्या गृहस्थाची लघवी अडू शकते. कंपवाताच्या रुग्णाला सिनारिझिन या नेहमीच्या औषधाने कंप आणि ताठरपणा वाढण्याचा धोका असतो. काचबिंदू असेल त्याने तर विचारल्यावाचून यांतले काहीच घेऊ नये. अण्णांना प्रोस्टेटचा त्रास होता, हृदयाचे ठोके अनियमित असल्याने रक्त पातळ ठेवणारे औषधही चालू होते. मी मुलाला गोळीचा विचार सोडायला सांगितले आणि त्याला दुसरेच विचारले : "नौकेत चढायचं कसं?"

त्याने त्याचा विचार केलेला नव्हता. छायाचित्रांत नौका असते, तिच्यापर्यंतचा रस्ता नसतो. गेटवेच्या धक्क्याला दगडी पायऱ्या आहेत आणि मुंबईच्या समुद्राला भरती-ओहोटीचा मोठा फरक आहे. ओहोटीला खालच्या, शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. भाड्याच्या नौका बहुधा आत, पाण्यात नांगरलेल्या असतात. पायऱ्यांवरून आधी लहान होडीत उतरायचे, आणि भर पाण्यात त्या डुलत्या होडीतून नौकेच्या मागच्या फळीवर पाय टाकायचा. साठ फुटांच्या नौकेतला दिवाणखाना कितीही स्थिर असो, तिथे पोहोचण्यासाठी तो एक पाय टाकावाच लागतो. शिवाय मोठ्या नौकेत स्वच्छतागृह खालच्या मजल्यावर असले तर अरुंद, उभ्या जिन्याने उतरावे लागते. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्या माणसाचे डोके कठड्यावर आपटले, तर वरून खोक दिसो वा न दिसो, त्याला त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे लागते. एवढे ऐकल्यावर मुलगा जरा हिरमुसला.

इतका वेळ काकू गप्प होत्या. सत्त्याहत्तरीच्या, अंगाने किरकोळ, पाठीत वाकलेल्या. त्या म्हणाल्या, "पाण्यावर न्यायचंच असलं तर मला उजनीवर न्या. माझं माहेर तिथं आहे."

बारामतीहून भिगवणला जायला पाऊण तास पुरतो. माळ, मग ऊस, मग पुणे-सोलापूर महामार्ग, आणि तो ओलांडला की इंदापूर तालुक्याची ती विस्तीर्ण निळी पाठ : भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा, यशवंतसागर. धरणाची भिंत दूर माढा तालुक्यात आहे. १९८० मध्ये धरण पूर्ण झाले. साठवण सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून अधिक साठा 'मृत' या सदरात मोडतो. त्यामुळे उन्हाळ्यात "उजनी उणे वीस, उणे चाळीस" अशा बातम्या आपण वाचतो. या पाण्याने इंदापूरला ऊस दिला, केळी दिली, मासे दिले. नदीकाठची गावे मात्र त्याने घेतली. जुने पळसदेव त्यांतले एक. काकूंचे लग्न होऊन दहा-बारा वर्षे झाली होती तेव्हा त्यांचे माहेर उठले. भाऊ वर माळावर नव्या गावठाणात गेले; घर, पार, नदीचा घाट आणि पळसनाथाचे देऊळ पाण्याखाली राहिले. पाणी खूप उतरले की आधी देवळाचे शिखर दिसू लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी इतकी आटली की देऊळ पुरते उघडे पडले. लांबलांबून लोक पाहायला गेले. काकूंच्या भाच्या जाऊन आल्या, मोबाइलवर छायाचित्रे आली. काकू त्या वेळी अंथरुणाला खिळलेल्या होत्या. पाण्याने भरलेली कळशी उचलताना त्यांचा एक मणका दबला होता. ठिसूळ हाडांना तेवढे निमित्त पुरते. ऑगस्टपर्यंत धरण पुन्हा काठोकाठ भरले.

आता वर फक्त पाणी होते, तरी त्यांना जायचे होते.

मुलाची भीती निराधार नव्हती. त्याच उन्हाळ्यात, २१ मे रोजी सायंकाळी, करमाळा तालुक्यातले कुगाव आणि इंदापूर तालुक्यातले कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. एकच जण पोहून काठाला लागला. या भागातल्या प्रत्येक घरात तो प्रसंग अजून बोलला जातो. धरणाचे पाणी म्हणजे तळे, असे बाहेरच्यांना वाटते. पण कित्येक किलोमीटर मोकळ्या पसरलेल्या पाण्यावर वारा धावू लागला की लाटा उठायला फार वेळ लागत नाही. उन्हाळ्यातल्या वळवाच्या दिवसांत, दुपार कलल्यावर, वृद्धांना घेऊन या पाण्यावर जाऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ राखावी. सूर्य वर आल्यावर तासा-दोन तासांत पाणी आरशासारखे असते. अकराच्या सुमारास वाऱ्याची पहिली शिरशिरी येते, तेव्हा आपण काठावर असावे.

मी मुलाला एक सांगितले : आदल्या रविवारी आई-वडिलांना न घेता जाऊन ये, आणि बोटी पाहण्याआधी काठ पाहा. त्याने ते केले, आणि मला वाटते की या साऱ्या सहलीतले खरे काम त्या रविवारीच झाले.

कुंभारगाव, डिकसळ, भिगवण या बाजूने मासेमारी करणारी मंडळी हिवाळ्यात पाहुण्यांना पक्षी दाखवायला नेतात. त्याला तिथे दोन तऱ्हेच्या होड्या दिसल्या. पहिली पाच-सहा माणसांची, अरुंद, आडव्या फळ्यांवर बसायची, टेकायला काही नाही. ती गुडघाभर पाण्यातही जाते, नावाडी यंत्र बंद करून बांबूने रेटतो, आणि उथळ चिखलात चोच उलटी घालून चरणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या बरीच जवळ पोहोचता येते. दुसरी दहा-बारा जणांची, रुंद, मागे पाठ टेकता येईल असे बाक असलेली. तिला खोल पाणी लागते. रोहित तिच्यातून दूरवरची गुलाबी रेघ म्हणूनच दिसतात. मुंबईच्या त्या दोन नौकांचाच प्रश्न इथे साध्या वेशात उभा होता : लहान घ्यावी की मोठी?

काकूंच्या पाठीने त्याचे उत्तर दिले. ज्यांचा मणका एकदा दबला आहे, त्यांना पुढे वाकून, आधाराविना, तासभर फळीवर बसवणे योग्य नाही. वेगातली लहान होडी लाटेवरून खाली आपटते तेव्हा सर्वांत मोठा दणका नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला बसलेल्या माणसाला बसतो. ठिसूळ हाडांचे मणके अशा एका दणक्यानेही मोडतात. हौशी माणसे आजीला "पुढं बसा, छान दिसतं" म्हणून नेमके तिथेच बसवतात. होडी कोणतीही असो, वृद्धांची जागा मध्यावर किंवा किंचित मागे, आणि वेग बैलगाडीचा.

मग मोठी होडीच घ्यायची, पण चढायचे कोठून? लहान होडी थेट काठाच्या चिखलात ओढून घेता येते. चढताना ती कलंडते खरी, पण पाऊल खाली टाकायचे असते. मोठी होडी काठाला लागत नाही, तिच्यापर्यंत फळी टाकावी लागते आणि त्या फळीवरून चालावे लागते. मुलाने हिंडून एक जागा शोधली. तिथे दगडी बांध थेट पाण्यात उतरत होता आणि होडीचा काठ बांधाच्या जवळजवळ बरोबरीने येत होता. नावाड्याने "तिथनं लांब पडतं, पाव तास जास्त लागंल" म्हणून कुरकूर केली. तो पाव तास विकत घेण्यासारखा होता.

अण्णांच्या आग्रहामुळे मीही बरोबर गेले. डिसेंबरातली सकाळ, गार वारा नव्हता पण पाण्यावरचा गारठा हाडांत शिरणारा. महामार्गावरच्या हॉटेलात सर्वांनी स्वच्छतागृह उरकून घेतले, कारण पुढे काठावर सोय नव्हती. अशा दिवशी काही वयस्क मंडळी लघवीच्या भीतीने आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत. ते घातक आहे. सूज उतरवणारी, लघवी वाढवणारी गोळी ज्यांना सकाळी घ्यावी लागते, त्यांनी त्या दिवशी ती परतल्यावर घेतली तर चालेल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. बहुतेकदा काही मार्ग निघतो. अण्णांना मधुमेहही होता. साखर उतरवणारी गोळी घेऊन न्याहारी "आल्यावर करू" असे त्यांनी ठरवले होते. तो बेत मी मोडून काढला आणि त्यांना तिथेच पोहे खायला लावले. सुनेने पर्समध्ये साखरेच्या पुड्या आणि बिस्किटे ठेवली.

जीवरक्षक जाकीट काठावर, खुर्चीत बसवून घालावे. होडीत उभ्याने घालू नये. काकूंना दिलेले जाकीट मोठे होते. पाठीत वाकलेल्या माणसाला सैल जाकीट घातले तर पाण्यात ते वर सरकून हनुवटीशी येते आणि माणूस त्यातून खाली निसटतो. दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून पाहिले, ते कानांपर्यंत आले. नावाड्याच्या मुलाचे जाकीट आणवले, ते बसले. स्वेटर आत, जाकीट वर, पदर जाकिटाच्या आत खोचलेला आणि शाल गुडघ्यांवर. शाल जाकिटावरून गुंडाळायची नाही, एवढ्यासाठी मला काकूंशी थोडे भांडावे लागले.

चढण्याची रीत नावाड्यांना आपल्यापेक्षा चांगली कळते. फक्त आपण त्यांचे ऐकत नाही. एक जण आधी होडीत, एक मागे बांधावर. वृद्धांचा हात ओढायचा नाही. आपला हात पुढे करायचा आणि त्यांना तो कोपराजवळ पकडू द्यायचा. पाऊल होडीच्या काठावर नव्हे, तळाच्या मध्यभागी. काठी आधी दुसऱ्याच्या हाती द्यायची, कारण ओल्या फळीवर काठीच पहिल्यांदा घसरते. एक जण पूर्ण बसल्यावरच दुसऱ्याने पाय टाकायचा. काकू चढल्या, बाकावर टेकल्या, पाठीमागे उशी ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती, एवढे मी पाहून घेतले.

पहिली वीस मिनिटे पक्ष्यांची. पट्टकदंबांचा थवा काठच्या गवतात उतरला होता. हिमालय ओलांडून येणारी ही बदके इंदापूरच्या हरभऱ्यावर ताव मारतात हे ऐकून अण्णांना फार गंमत वाटली. चित्रबलाक होते, चक्रवाकांची नारिंगी जोडी होती. रोहित दूर होते. अण्णांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि जवळून पाहायला उभे राहायला लागले. "अण्णा, बसूनच," असे नावाडी, मुलगा आणि मी एकदम म्हणालो. ते बसले, पण नाराज झाले. होडीत उभा राहिलेला एक माणूस सगळ्यांचा तोल आपल्या हाती घेतो, हे त्यांनाही ठाऊक होते. वय मान्य करणे वेगळे.

मग होडी पळसदेवच्या अंगाला वळली. नावाड्याचे आजोबाही त्याच बुडालेल्या गावचे. त्याने एका ठिकाणी यंत्र बंद केले आणि म्हणाला, "आजी, देऊळ इथं खाली असंल बघा."

काकूंनी सगळीकडे पाहिले. पाहण्यासारखे काहीच नव्हते. पाणी, दूरवर एक मासेमारीची होडी, पलीकडच्या काठावरची उसाची हिरवी कड. त्यांनी विचारले, "नदी कुठनं कुठं जायची?" नावाड्याने हाताने भीमेचा जुना प्रवाह दाखवला. त्यावरून त्यांनी देवळाचे तोंड ठरवले, देवळावरून घाट, घाटावरून वेस, आणि वेशीपासून उजव्या हाताला चौथे घर. बोट पाण्यावर एका जागी थांबले. "इथं," त्या म्हणाल्या. नातवाने विचारले, "नक्की?" त्यावर त्यांनी त्याला ओसरीवरच्या जात्याची, परड्यातल्या शेवग्याची आणि पुरात वाहून आलेल्या एका शेळीची गोष्ट सांगितली. ओटीतून आणलेले तांदूळ त्यांनी पाण्यात सोडले. कोणी काही बोलले नाही. अण्णा, जे सहसा त्यांना बोलू देत नाहीत, तेही गप्प होते.

परतताना मी दोघांना पायांचे पंजे वरखाली करत राहायला लावले. तासभर लोंबत्या पायांनी बसून एकदम उठले की रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते; उतरताना होणारे अपघात पुष्कळदा असेच होतात. बांधाला लागल्यावरही दोन मिनिटे सर्वांना बसवून ठेवले. आधी तरुण उतरले, मग काकू, मग अण्णा.

रोहित नीट दिसले नाहीत ही अण्णांची तक्रार राहिली होती. पाणी अजून शांत होते, दहा वाजले नव्हते. मुलगा आणि नातू यांच्यामध्ये बसवून, बांबूने रेटली जाणारी लहान होडी त्यांनी अर्धा तास केली. त्यांचे गुडघे बरे आहेत, मणके धड आहेत. लहान होडीला हरकत घ्यायला मला कारण नव्हते. काकू काठावर खुर्चीत बसून नावाड्याच्या आईशी बोलत राहिल्या. दोघींच्या ओळखीची निदान तीन घरे निघाली.

भिगवणला चिलापीची थाळी खाल्ली. रस्सा तिखट आणि खारट होता, तो दोघांनी अर्धाच घ्यावा असे मी सुचवले. अण्णांनी अर्धा घेतला आणि मग उरलेला अर्धाही घेतला.

गेल्या महिन्यात काकू तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी पाठीविषयी काही सांगण्याआधीच विचारले, की पुन्हा कधी पाणी उतरले तर काठापासून देवळापर्यंत किती चालावे लागेल. मी भाच्यांना विचारायला सांगितले. त्यांना आधीच विचारून झाले होते : तडे गेलेल्या, भुसभुशीत गाळातून बरेच. हाडांची इंजेक्शने चालू आहेत. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठण्याचा व्यायाम त्यांनी चार वेळांपासून सुरू केला होता, आता एका दमात नऊ वेळा होतो. मी बारापर्यंत न्यायला सांगितले आहे, आणि सपाट, बांधीव बुटांची चिठ्ठी मुलाला दिली आहे.